पीजीबॅकरेस्ट बसवण्याआधी तीन सर्व्हरची तयारी : एक प्रकरण अभ्यास

तीन मशीन आहेत. पहिल्यावर पोस्टग्रेसक्यूएल १६ चा मुख्य डेटाबेस चालतो, दुसऱ्यावर त्याचा स्टँडबाय, म्हणजे सतत अद्ययावत राहणारी जोडप्रत, आहे, तिसरे मशीन बॅकअपसाठी नव्याने मिळाले आहे. तिन्हींवर डेबियन १२. डेटा ६४० जीबी. आजवर बॅकअप म्हणजे रोज रात्री काढलेला पीजी_डंप, तोही त्याच मुख्य सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर ठेवलेला. डंप संपता संपता सकाळ होते. दुपारी काही बिघडले तर आदल्या रात्रीनंतरचे सगळे काम गेले. म्हणून पीजीबॅकरेस्ट हे पोस्टग्रेसच्या बॅकअपचे साधन बसवायचे ठरले : आठवड्यातून एकदा पूर्ण बॅकअप, उरलेले सहा दिवस इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाचा), आणि डेटाबेसची बदलनोंद असलेल्या वॉल फाइल्स तयार होतील तशा बॅकअप मशीनवर.

तयारीसाठी आलेली मागणी तीन ओळींची होती. बॅकअप मशीनला १ टीबीची डिस्क, फायरवॉलमध्ये २२ क्रमांकाचा पोर्ट उघडा, आणि मुख्य डेटाबेस रिस्टार्ट करायला दहा मिनिटांची सवड. तिन्ही गोष्टी लागतातच, पण तिन्ही अपुऱ्या होत्या. कारण समजून घेतले की पुढची सगळी तयारी आपोआप उलगडते.

पॅकेज बसवणे हे मिनिटांचे काम आहे. पण वॉल आर्काइव्हिंग, म्हणजे तयार झालेल्या वॉल फाइल्स बाहेर पाठवणे, चालू केले की मुख्य डेटाबेसचे आरोग्य बॅकअप मशीनशी बांधले जाते. आर्काइव्ह कमांड यशस्वी झाल्याशिवाय पोस्टग्रेस ती वॉल फाइल काढून टाकत नाही किंवा पुन्हा वापरत नाही. बॅकअप मशीन बंद पडले, त्याची डिस्क भरली, की एसएसएचची (दुसऱ्या मशीनवर प्रवेशाची) किल्ली नाकारली गेली, डेटाबेसला सगळे सारखेच. फाइल्स साचत राहतात, पीजी_वॉल या वॉलच्या डिरेक्टरीची डिस्क भरते आणि डेटाबेस पॅनिक होऊन थांबतो. म्हणजे ज्या डेटाला वाचवायचे त्याचीच सेवा बॅकअपच्या व्यवस्थेमुळे बंद पडू शकते. सर्व्हरची तयारी करताना प्रत्येक तपासणी या एका वाटेवर ठेवून पाहावी : वॉल फाइल डेटाबेसमधून निघते आणि बॅकअपच्या डिस्कवर पोहोचते, त्यात कुठे कुठे अडकू शकते?

वॉल किती, आणि किती वेळ हातात

पहिले माप वॉलचे घ्यायचे. एक वॉल फाइल मूळ सेटिंगनुसार १६ एमबीची असते. चोवीस तासांच्या अंतराने वॉलमधले सध्याचे स्थान नोंदवून दोन्हींतला फरक काढला की दिवसाचा आकडा मिळतो. पण एवढ्यावर थांबू नये, तो तासागणिक काढावा. या डेटाबेसमध्ये दिवसाला सुमारे २,४०० फाइल्स तयार होतात, म्हणजे ३७.५ जीबी. सरासरी पाहिली तर तासाला दीड जीबीच्या आसपास, आणि काळजीचे काही दिसत नाही. प्रत्यक्षात त्यांतल्या १,८०० फाइल्स रात्रीच्या तीन तासांच्या बॅचमध्ये (एकगठ्ठा कामात) तयार होतात. त्या वेळी वेग तासाला ९.४ जीबी. उरलेल्या २१ तासांत फक्त ६०० फाइल्स.

पीजी_वॉलसाठी ६० जीबीची स्वतंत्र डिस्क आहे. मॅक्स_वॉल_साइज, म्हणजे नेहमीच्या कामात वॉल साधारण जिथवर वाढू शकते ती मर्यादा, १६ जीबी, म्हणून तेवढी जागा नेहमीच्या कामासाठी धरून ठेवायची. साचायला उरले ४४ जीबी. बॅच सुरू होण्याच्या क्षणी आर्काइव्हिंग अडकले असे धरू. पहिल्या तीन तासांत २८ जीबी भरतात. पुढच्या २१ तासांत आणखी ९.४ जीबी. चोवीस तासांनी ३७.५ जीबी भरलेले असतात आणि ६.५ जीबी उरतात. मग दुसऱ्या रात्रीची बॅच सुरू होते आणि सुमारे ४० मिनिटांत डिस्क भरते.

म्हणजे सुट्टीच्या आदल्या रात्री बॅकअप मशीन बंद पडले आणि सुट्टीभर कोणी पाहिले नाही, तर सुट्टी संपण्याआधीच मुख्य सेवा बंद. ही डिस्क ६० वरून १२० जीबी करून घेतली. साचायला १०४ जीबी मिळाले की दोन रात्रींच्या बॅच सहज निघतात, आणि तिसरी सुरू होऊन साधारण तीन तास होईपर्यंत जागा राहते. दोन दिवसांहून जास्त अवधी मिळतो. तयारीत केलेल्या सगळ्या बदलांत सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी बदल हाच.

इथे एक निर्णय तंत्रज्ञांनी एकट्याने घेऊ नये असा आहे. पीजीबॅकरेस्टमध्ये ‘आर्काइव्ह-पुश-क्यू-मॅक्स’ नावाची मर्यादा घालता येते. साचलेली रांग तिच्या पलीकडे गेली की तो पोस्टग्रेसला ‘फाइल पोहोचली’ असे सांगतो आणि ती फाइल टाकून देतो. डेटाबेस चालू राहतो, पण वॉल फाइल्सची सलग साखळी तुटते. पुढचा बॅकअप होईपर्यंत हव्या त्या क्षणापर्यंत मागे जाण्याची सोय राहत नाही. सेवा बंद पडलेली परवडेल की मधल्या काळाचा हिशेब गेलेला परवडेल, याचे उत्तर सेवेच्या मालकाकडूनच लेखी घ्यायचे. या प्रकरणात उत्तर आले : सेवा चालू राहिली पाहिजे. मर्यादा ९० जीबी ठेवली आणि इशारा त्याच्या कितीतरी आधी, पीजी_वॉलची डिस्क ४० टक्के भरताच. इशाऱ्याशिवाय ही मर्यादा घालणे धोक्याचे आहे. साखळी गुपचूप तुटते आणि रिस्टोअर करण्याच्या दिवशीच ते कळते.

१ टीबी का पुरत नाही

मागणीतला हिशेब असा होता : दाबलेला पूर्ण बॅकअप साधारण अडीचशे जीबी, दोन ठेवायचे म्हणजे पाचशे, वर तेवढेच मोकळे. यात तीन गोष्टी सुटल्या होत्या.

पहिली म्हणजे, ‘दोन पूर्ण बॅकअप ठेवा’ असे सांगितले तरी जुना तेव्हाच हटतो जेव्हा तिसरा पूर्ण झालेला असतो. जागा तिघांची लागते. नमुन्याच्या काही मोठ्या टेबलांच्या फाइल्स झेडएसटी पद्धतीने दाबून पाहिल्या तर प्रमाण अडीचास एक आले. ६४० चे २५६ जीबी, तिनाचे ७६८.

दुसरी इन्क्रिमेंटलची. पीजीबॅकरेस्टचा साधा इन्क्रिमेंटल फाइलच्या पातळीवर चालतो. पोस्टग्रेस मोठे टेबल १ जीबीच्या तुकड्यांत ठेवते, आणि त्या तुकड्यातले ८ केबीचे एक पान जरी बदलले तरी अख्खा तुकडा पुन्हा कॉपी होतो. ‘दिवसाला बदल तर पाच-दहा जीबीचाच’ हा अंदाज म्हणून फसतो. डेटा डिरेक्टरीतल्या ज्या फाइल्सची बदलाची वेळ गेल्या २४ तासांतली आहे त्यांची बेरीज काढली, तर ती ११० जीबी भरली. दाबून ४४ जीबी. दोन आठवड्यांचे बारा इन्क्रिमेंटल म्हणजे ५२८ जीबी. ब्लॉक पातळीवरचा इन्क्रिमेंटल हा पर्यायही पीजीबॅकरेस्टमध्ये आहे आणि तो चालू केला की हा आकडा बराच खाली येतो. पण डिस्क मागताना साध्या पद्धतीचाच आकडा धरावा. नंतर जागा उरली तर कोणाचे बिघडत नाही.

तिसरी गोष्ट वॉल. दाबून तिसरा हिस्सा उरतो असे दिसले, दिवसाला १२.५ जीबी. सर्वात जुन्या बॅकअपपासूनची सगळी वॉल ठेवावी लागते, म्हणून १५ दिवस धरले : सुमारे १८८ जीबी.

एकूण १,४८४ जीबी. पंचवीस टक्के वाढ धरून १,८५५. म्हणून २ टीबी. मागितलेल्या १ टीबीवर काय झाले असते तेही पाहू. पहिला आठवडा ६०८ जीबी खातो. दुसऱ्या पूर्ण बॅकअपनंतर ८६४ होतात. तिथून रोज ५६.५ जीबीची भर, आणि तिसऱ्या दिवशी डिस्क भरते. बसवल्यापासून दहाव्या दिवशी आर्काइव्हिंग थांबले असते. तोवर सगळ्यांनी काम झाले असे समजून लक्ष काढून घेतलेले असते, म्हणून दहावा दिवस वाईट.

याशिवाय ८०० जीबीची आणखी एक डिस्क मागितली, रिस्टोअर करून पाहण्यासाठी. बहुतेक ठिकाणी हीच डिस्क ‘नंतर बघू’ म्हणून राहते. रिस्टोअरला जागा नसलेले बॅकअप मशीन हे न उघडलेल्या कुलपासारखे आहे. किल्ली बसते की नाही ते कोणालाच माहीत नसते.

मशीन कुठे आहे

बॅकअप मशीन व्हर्च्युअल होते. त्याची नोंद तपासली तेव्हा ते मुख्य डेटाबेसच्याच भौतिक होस्टवर आणि त्याच स्टोरेजवर असल्याचे दिसले. कागदावर तीन सर्व्हर, प्रत्यक्षात एकच स्टोरेज. ते दुसऱ्या होस्टवर, वेगळ्या स्टोरेजवर हलवून घेतले, आणि डेटाबेसच्या मशीनबरोबर ते पुन्हा एका होस्टवर येऊ नये असा नियम व्हर्च्युअलायझेशनमध्ये घातला. हा नियम घातला नाही तर पुढच्या देखभालीत मशीन आपोआप हलते आणि पुन्हा शेजारी येऊन बसते.

डिस्क कुठे जोडायची यातही एक बारकावा आहे. रेपॉझिटरी, म्हणजे पीजीबॅकरेस्टची बॅकअप साठवण्याची जागा, थेट माउंट पॉइंटवर (डिस्क जिथे जोडली जाते त्या डिरेक्टरीवर) ठेवू नये, त्याच्या आत एक डिरेक्टरी करून तिथे ठेवावी. माउंट पॉइंटची मालकी रूटकडे, आतल्या डिरेक्टरीची पीजीबॅकरेस्ट या खात्याकडे, परवानगी ७५०. रीबूटनंतर डिस्क जोडली गेली नाही तर आतली डिरेक्टरीच नसते, आणि रूटच्या मालकीच्या जागेत ती नव्याने तयारही करता येत नाही. काम लगेच, स्पष्ट त्रुटी देऊन थांबते. नाहीतर बॅकअप सिस्टिमच्या छोट्या डिस्कवर उतरायला लागतात.

नेटवर्कची चिंता इथे कमी होती. रेपॉझिटरी वेगळ्या मशीनवर असली तरी पीजीबॅकरेस्ट डेटाबेसच्या बाजूलाच फाइल दाबतो आणि दाबलेलीच पाठवतो. १ गिगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला ११० एमबी धरले तर २५६ जीबी ४० मिनिटांत जातात. खरा भार पडतो तो डेटाबेस सर्व्हरच्या प्रोसेसरवर आणि डिस्क वाचण्यावर. सोळा कोअरपैकी चारच प्रक्रिया बॅकअपला दिल्या, आणि बॅकअपची वेळ बॅचच्या आधी न ठेवता नंतर ठेवली.

खाती आणि किल्ल्या

सर्वात जास्त वेळ इथे जातो.

डेटाबेस सर्व्हरवर काम पोस्टग्रेस या खात्याने चालते, बॅकअप मशीनवर पीजीबॅकरेस्ट या खात्याने. हे दुसरे खाते हाताने तयार करायचे. पॅकेजने बनवलेल्या लॉग आणि कॉन्फिगच्या डिरेक्टरी पोस्टग्रेसच्या नावावर असू शकतात, त्यांची मालकी बदलायची. मग एसएसएचची जोडणी दोन्ही दिशांनी लागते. बॅकअप घेताना बॅकअप मशीन डेटाबेस सर्व्हरकडे जाते. वॉल पाठवताना डेटाबेस सर्व्हर बॅकअप मशीनकडे जातो. मागणीत ‘२२ पोर्ट उघडा’ एवढेच होते, आणि फायरवॉलवाल्यांनी तो बॅकअप मशीनकडून डेटाबेसकडे उघडला होता; त्यांच्या दृष्टीने बॅकअप घेणारे मशीन तेच. उलट दिशा बंद. असे झाले की बॅकअपची चाचणी जोडणीपर्यंत व्यवस्थित जाते आणि वॉल मात्र एकही पोहोचत नाही. फायरवॉलच्या अर्जात दोन दिशा दोन वेगळ्या ओळींत लिहायच्या, आणि स्टँडबायसाठी आणखी दोन. एकूण चार ओळी.

किल्ली बसवल्यावर एकदा त्या त्या खात्याने हाताने जोडणी करून पाहायची. रूटने किंवा स्वतःच्या खात्याने केलेली चाचणी काही सांगत नाही. पहिल्या जोडणीत समोरच्या मशीनची ओळख मान्य करा असा प्रश्न येतो. आर्काइव्ह कमांड पार्श्वभूमीत चालते, तिथे ‘हो’ म्हणायला कोणी नसते आणि जोडणी नाकारली जाते. ज्या नावाने कॉन्फिगमध्ये मशीन लिहिले आहे नेमक्या त्याच नावाने ही ओळख साठवायची. आयपी पत्त्याने साठवली आणि कॉन्फिगमध्ये नाव लिहिले, तर उपयोग नाही.

या तिन्ही सर्व्हरवर सुरक्षेचे कडक नियम आधीच लागू होते, आणि त्यांनी चार ठिकाणी अडवले. एसएसएचच्या सेटिंगमध्ये ठरावीक वापरकर्त्यांनाच परवानगी होती आणि त्या यादीत पोस्टग्रेस नव्हते. पीजीबॅकरेस्ट खाते सर्व्हिस खात्यांच्या नियमाने तयार झाल्यामुळे त्याला कमांड चालवणारा शेलच नव्हता. होम डिरेक्टरीवर ग्रुपला लिहिण्याची परवानगी राहिली होती, म्हणून एसएसएच सर्व्हर किल्लीची फाइल मानत नव्हता. तिन्हींचा लॉग स्पष्ट असतो आणि दुरुस्ती मिनिटाभराची.

चौथी अडचण मात्र त्या दिवशी दिसत नाही. सगळ्या खात्यांचा पासवर्ड ९० दिवसांनी कालबाह्य व्हावा असा नियम होता. किल्लीने प्रवेश होतो तेव्हा पासवर्ड विचारला जात नाही, पण खात्याची मुदत तपासली जाते. मुदत संपली की किल्ली बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. म्हणजे आज सगळे हिरवे, आणि एक्याण्णवाव्या दिवशी वॉल अडकायला सुरुवात. ‘चेज’ या कमांडने दोन्ही खात्यांची मुदत काढून टाकली, आणि सुरक्षा नियमांत तसा अपवाद लिहून घेतला. तो लिहिला नाही तर पुढच्या ऑडिटनंतर कोणीतरी प्रामाणिकपणे मुदत परत लावतो.

किल्लीच्या नोंदीपुढे मर्यादा घालावी : या किल्लीने फक्त पीजीबॅकरेस्टच चालवता येईल, पोर्ट पुढे नेणे वगैरे बंद. बॅकअप मशीनवर कोणी शिरला तर त्याला डेटाबेसच्या पोस्टग्रेस खात्याचा मोकळा शेल मिळता कामा नये. शेवटी, त्या खात्याच्या बॅशआरसी या, शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये स्वागताची एखादी ओळ छापली जात असेल तर ती काढावी. ती ओळ पीजीबॅकरेस्टच्या संवादात मिसळते आणि सुरुवातीची सलामीच चुकते.

आवृत्ती आणि घड्याळ

पीजीबॅकरेस्ट सगळ्या मशीनवर एकाच आवृत्तीचा असावा लागतो. डेटाबेस सर्व्हरवर पोस्टग्रेसची स्वतःची पॅकेज रेपॉझिटरी जोडलेली होती, कारण डेबियन १२ सोबत येणारी पोस्टग्रेस १५ आहे आणि इथे १६ हवी होती. बॅकअप मशीनवर पोस्टग्रेस बसवायचीच नव्हती, म्हणून तिथे ती रेपॉझिटरी जोडली गेली नाही. एकच कमांड दोन्हीकडे चालवली, आणि एका बाजूला नवी आवृत्ती आली, दुसऱ्या बाजूला डेबियनची जुनी. बसवताना कोणतीही त्रुटी येत नाही. दोन बाजू बोलायला लागल्या की मग आवृत्ती जुळत नसल्याचा संदेश येतो. तिन्हीकडे तीच रेपॉझिटरी जोडून तीच आवृत्ती घेतली आणि पॅकेज ‘होल्ड’वर ठेवले, म्हणजे स्वयंचलित अपडेटमुळे एखाद्या रात्री एकच बाजू पुढे जाणार नाही. पुढे अपडेट करायचे तेव्हा तिन्ही एकत्र.

घड्याळे जुळवून ठेवणारे क्रोनी तिन्हीकडे, एकाच स्रोताकडून. बॅकअपचे नाव तारीख आणि वेळेवरून बनते. घड्याळ मागे सरकले तर नवा बॅकअप जुन्याच्या आधीचा ठरतो आणि पीजीबॅकरेस्ट तो घ्यायला नकार देतो.

डेटाबेसच्या बाजूला

इथे रिस्टार्टची सवड वापरायची. आर्काइव्ह_मोड बदलायला रिस्टार्ट लागतो. आर्काइव्ह_कमांड बदलायला फक्त रीलोड. म्हणून रिस्टार्टच्या वेळी बॅकअप मशीन तयार असण्याची गरज नसते. आर्काइव्ह_मोड चालू करायचा आणि कमांडच्या जागी तात्पुरती ‘ट्रू’ ही नेहमी यशस्वी होणारी कमांड ठेवायची. कमांड रिकामी ठेवू नये, रिकामी असली की वॉल साचायला लागते. वॉल_लेव्हल मूळ मूल्यानुसार ‘रेप्लिका’ होताच. रिस्टार्टच्या जरा आधी हाताने चेकपॉइंट घेतला, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवले, की बंद व्हायला वेळ लागत नाही.

या युक्तीची किंमत ओळखून ठेवावी. ‘ट्रू’ चालू असताना पीजी_स्टॅट_आर्काइव्हर या व्ह्यूमध्ये यशस्वी फाइल्सचा आकडा झरझर वाढतो आणि अपयश शून्य दिसते. निरीक्षणाचा फलक हिरवा असतो आणि एकही फाइल कुठेही पोहोचलेली नसते. खरी कमांड घालण्याचे काम दुसऱ्या दिवसावर गेले, मग आठवड्यावर, तर ही हिरवी खूणच सगळ्यांना गाफील ठेवते. रिस्टार्टच्या नोंदीतच पुढच्या पायरीची तारीख आणि जबाबदार व्यक्ती लिहिली.

आर्काइव्ह_टाइमआउट ३०० सेकंद केला. दिवसा वॉलचा वेग कमी आहे, तासाला २९ फाइल्स; हा वेग एकसारखा नसतो, आणि शांत वेळेत अर्धवट भरलेली फाइल बराच वेळ मुख्य सर्व्हरवरच राहते. पाच मिनिटांची सक्ती केली की गमावण्याचा अवधी तेवढाच राहतो. अर्धवट फाइलही १६ एमबीचीच असते, पण दाबल्यावर लहान होते. रात्रीच्या वेगासाठी आर्काइव्हिंग असिंक्रोनस केले. प्रत्येक फाइलसाठी नवी एसएसएच जोडणी करण्याऐवजी पीजीबॅकरेस्ट मग रांगेतल्या पुढच्या फाइल्सही समांतर पाठवतो. त्यासाठी स्पूल डिरेक्टरी लागते. पाठवताना तिच्यात फक्त पोचपावतीच्या चिमुकल्या फाइल्स राहतात, मोठी जागा मागू नये.

डेटाबेसमध्ये कोणी कसे यायचे ते ठरवणारी पीजी_एचबीए फाइल पाहावी. पोस्टग्रेस खाते त्याच मशीनवरून सॉकेटने ‘पीअर’ पद्धतीने, म्हणजे पासवर्डऐवजी सिस्टिमच्या खात्याच्या ओळखीवर, आत येते ना? कडक नियमांच्या नावाखाली तिथे पासवर्ड लावला असेल तर पीजीबॅकरेस्टची जोडणी तिथेच थांबते.

डेटा चेकसम (पान बिघडले का ते ओळखणारे आकडे) बंद निघाले. चालू असते तर बॅकअप घेतानाच प्रत्येक पान तपासले गेले असते. ते चालू करण्यासाठी डेटाबेस बंद ठेवून ६४० जीबीचे प्रत्येक पान पुन्हा लिहावे लागते, आणि स्टँडबायवरही तेच करावे लागते. दहा मिनिटांच्या सवडीत ते बसत नाही, म्हणून ते वेगळे काम म्हणून नोंदवले. तोवर पीजी_एएमचेक हे टेबले आणि इंडेक्स तपासणारे साधन एकदा पूर्ण चालवून पाहिले. बिघडलेल्या पानांचा इमानदारीने बॅकअप घेण्यात अर्थ नाही.

स्टँडबायवरही हीच सेटिंग, हाच पीजीबॅकरेस्ट, हीच किल्ल्यांची व्यवस्था, आणि त्याच सवडीत रिस्टार्ट. स्टँडबाय असताना आर्काइव्ह_मोड ‘ऑन’ असला तरी तो वॉल पाठवत नाही. पण ज्या दिवशी तो मुख्य होतो त्या क्षणापासून पाठवायला लागतो, आणि तेव्हा कॉन्फिग शोधत बसायला कोणाकडेच वेळ नसतो.

स्टॅन्झा आणि पहिली तपासणी

कॉन्फिग फाइलची परवानगी ६४०. एनक्रिप्शन हवे की नको ते स्टॅन्झा (पीजीबॅकरेस्टमधली एका डेटाबेसची नोंद) तयार करण्याआधी ठरवायचे, नंतर बदलता येत नाही. इथे एईएस-२५६ घेतले. परवलीचा शब्द बॅकअप मशीनच्या कॉन्फिगमध्ये असतो, आणि त्याची प्रत त्या मशीनबाहेर सुरक्षित ठेवावीच लागते. ती नसेल तर बॅकअपची डिस्क वाचवून दुसऱ्या मशीनला जोडली तरी तिच्यातून काही मिळत नाही.

स्टॅन्झा पीजीबॅकरेस्ट खात्याने तयार करायची, सुडोने रूट होऊन नाही. पहिल्या प्रयत्नात नेमके तेच घडले होते. कमांड यशस्वी झाली, पण रेपॉझिटरीतल्या फाइल्स आणि लॉग रूटच्या मालकीचे झाले आणि पुढची प्रत्येक वॉल परवानगी नाही म्हणून परत आली. मालकी बदलल्यावर सुटले.

मग खरी आर्काइव्ह कमांड घालून रीलोड, आणि दोन्ही बाजूंनी ‘चेक’. ही कमांड वॉल बदलायला लावते आणि ती फाइल रेपॉझिटरीत दिसेपर्यंत थांबते, मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद. इथे त्रुटी क्रमांक ०८२ आला : वॉल वेळेत पोहोचली नाही. या संदेशावरून कारण कळत नाही. कारण डेटाबेसच्या लॉगमध्ये असते. पोस्टग्रेस आर्काइव्ह कमांड तीनदा करून पाहते आणि मग मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करते, त्यामुळे नेमकी ओळ लॉगमध्ये वारंवार सापडते. इथे ती ओळ उलट दिशेच्या फायरवॉलची होती. अर्ज मंजूर झाला होता, पण नियम फक्त मुख्य सर्व्हरसाठीच्या जुन्या पत्त्यावर लागू झाला होता. नियम दुरुस्त झाला, साचलेल्या फाइल्स काही मिनिटांत आपोआप गेल्या, ‘चेक’ पार पडला.

पहिला पूर्ण बॅकअप ‘स्टार्ट-फास्ट’ लावून घेतला. तो नसेल तर पोस्टग्रेस पुढचा चेकपॉइंट सावकाश पूर्ण होण्याची वाट पाहते, आणि पाहणाऱ्याला बॅकअप अडकला असे वाटते.

रिस्टोअरची तालीम

राखून ठेवलेल्या ८०० जीबीच्या डिस्कवर रिस्टोअर केला. त्यासाठी त्या मशीनवर पोस्टग्रेस १६ बसवावी लागली. सर्व्हिस आपोआप सुरू होणार नाही अशी ठेवली, आणि तिथे आर्काइव्ह_मोड बंद केला. तो चालू राहिला तर तालमीतला डेटाबेस खऱ्या रेपॉझिटरीत स्वतःची वॉल पाठवू पाहतो.

तालमीत तीन गोष्टी सापडल्या. डेबियनवर पोस्टग्रेसच्या कॉन्फिग फाइल्स डेटा डिरेक्टरीत नसतात, एटीसीखाली असतात. पीजीबॅकरेस्ट डेटा डिरेक्टरीचाच बॅकअप घेतो, त्यामुळे पीजी_एचबीए आणि मुख्य कॉन्फिग त्यात नव्हत्या. त्यांचा वेगळा बॅकअप लावला. दुसरे, पीजी_वॉल मुख्य सर्व्हरवर दुव्याने दुसऱ्या डिस्कवर आहे. रिस्टोअर करताना वेगळे सांगितले नाही तर तो दुवा परत येत नाही, साधी डिरेक्टरी तयार होते आणि वॉल डेटाच्याच डिस्कवर जाते. खरी वेळ आली तर दुवे जपण्याचा पर्याय द्यायचा, हे रिस्टोअरच्या टिपणात लिहिले. तिसरे, एक जुनी टेबलस्पेस (डेटा डिरेक्टरीबाहेर डेटा ठेवण्याची जागा) वेगळ्या माउंटवर निघाली, जिची कोणालाच आठवण नव्हती. तालमीच्या मशीनवर तो मार्गच नव्हता. टेबलस्पेसचा मार्ग बदलून द्यावा लागला. पीजी_टेबलस्पेस या कॅटलॉगवर तयारीच्या पहिल्याच दिवशी एक नजर टाकली असती तर हे आधीच कळले असते, म्हणून ती पायरी आता यादीत सर्वात वर आहे.

डेटाबेस उघडल्यावर ठरवून निवडलेल्या क्षणाआधीची शेवटची नोंद आहे आणि त्यानंतरची नाही, हे दोन टेबलांवर तपासले. मग तालमीची डिस्क पुसली, पण काढून घेतली नाही. पुढची तालीम तीन महिन्यांनी, पासवर्डच्या नव्वद दिवसांनंतरच्या आठवड्यात ठेवली आहे.